पिस्ता, पीच आणि आईची पिवळी

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिचं लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. गावातलं मंगल कार्यालय, ३५० पाहुणे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ५ मिनिटांचा आणि संध्याकाळी त्याच जागी रिसेप्शन. वर्षभर तिनं मनात एकच चित्र जपलं आहे: सगळं लग्न पिस्ता आणि पीच या दोन रंगांत. तसा निरोप तिनं नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलाही. त्यावर काकू दुखावल्या, "म्हणजे आमच्या पैठण्या कपाटातच ठेवायच्या का?" आई म्हणते, गौरीहराला मामाकडची पिवळी अष्टपुत्रीच नेसायची. होणाऱ्या सासूबाईंनी तिला न विचारता शालू घेऊन ठेवलाय, वाईन रंगाचा, हिरव्या काठांचा. सजावटवाले म्हणतात, पिस्ता रंगाचं फूल मिळणं कठीण, कृत्रिम फुलं लावू. ती विचारते, "थीमसाठी भांडू की सगळं सोडून देऊ? सोडलं तर लग्न म्हणजे रंगांचा नुसता गोंधळ होईल, आणि भांडले तर सासरी जायच्या आधीच कटुता."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्षभर जपलेलं चित्र असं एकेका माणसाकडून खोडलं जाताना बघणं सोपं नाही. पण भांडणं आणि सोडणं यांच्या मधे बरीच जागा आहे, आणि तुझ्या बाबतीत ती जागा दाखवणारी वस्तू घरात येऊन पडली आहे. तो शालू. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी एक गोष्ट तपासून बघ. तू रंग निवडायला बसलीस तेव्हा कागद कोरा होता असं तू धरलंस. तो कोरा नव्हता. आपल्या लग्नात कितीतरी रंग आधीच ठरलेले असतात. पिवळी साडी, हिरवा चुडा, कुंकवाचा लाल, सोन्याचा पिवळा, मोत्याच्या मुंडावळ्या, पांढऱ्या अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, आंब्याची पानं, केळीचे खांब, खणाची ओटी. पिस्ता-पीचचे जे फोटो तुला आवडले असतील, ते बहुतेक वेळा परदेशी लग्नांचे किंवा लेहंग्याच्या लग्नांचे असतात. त्या नवरीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बाटलीहिरवा चुडा नसतो. म्हणून तिथे जमलेलं चित्र तुझ्या मांडवात तसंच्या तसं उतरणार नाही. तुझी आवड चुकीची नाही, पण हिशेबात हे रंग धरायचे राहून गेले.

हे रंग एकमेकांशेजारी आल्यावर काय होतं ते सांगते. पीच म्हणजे फिका केशरी-गुलाबी. हळदीचा पिवळा त्याच घराण्यातला, पण कितीतरी पटीनं जोरकस. एकाच घराण्यातला जोरकस रंग शेजारी आला की फिका रंग मळका दिसतो. पीचच्या पडद्यासमोर तू अष्टपुत्री नेसून बसलीस तर पडदा धुवायला झालेला वाटेल. याउलट पिस्ता आणि चुडा यांचं जमतं, कारण पिस्ता हा हिरव्याचाच धाकटा भाऊ आहे आणि दोघांमधलं अंतर एवढं मोठं आहे की ते मुद्दाम केलेलं दिसतं. म्हणजे तुझ्या दोन रंगांपैकी एक दिवसभर टिकतो आणि दुसऱ्याला वेगळी वेळ द्यावी लागते.

आता शालू. अंग वाईन, काठ हिरवे. सासूबाईंनी विचारलं नाही याचं वाईट वाटणं साहजिक आहे, आणि ते त्यांच्याशी कधीतरी शांतपणे बोलावंसही. पण रंगाच्या दृष्टीनं त्यांनी तुझं काम सोपं करून ठेवलंय. तुझा पिस्ता, चुडा, आंब्याची पानं आणि शालूचे काठ या सगळ्यांत हिरवा आहे. दिवसभराचा धागा हिरवा ठेव. फिका हिरवा सजावटीत, गडद हिरवा हातांत आणि काठांत. वाईन फक्त शालूत आणि आणखी दोन-तीन ठिकाणी.

प्रमाण कसं ठरवायचं? जेवणाच्या पानासारखं. भात जास्त, भाजी त्याहून कमी, लोणचं चमचाभर. तुझा भात म्हणजे मोतिया रंग: स्टेजची पाठ, छताचं कापड, खुर्च्यांची कव्हरं. भाजी म्हणजे हिरव्याच्या छटा. वाईन हे लोणचं: नवरदेवाचा फेटा, पाटांवरची बैठक, प्रवेशद्वाराच्या तोरणातली थोडी फुलं, बस. पिवळा विधींबरोबर आपोआप येतो, तो वेगळा वाढायचा नाही. बहुतेक लग्नांत गडबड होते ती लोणचं भाताएवढं वाढल्यामुळे. आवडलेला गडद रंग पडद्यालाही, खुर्च्यांनाही आणि फुलांनाही लावला की नवरी त्यातच हरवते.

मग पीचचं काय? त्याला रिसेप्शन दे. संध्याकाळी ना पिवळी, ना होम, ना गौरीहर. तिथे तुझी साडी किंवा लेहंगा पीच असू दे, त्याच मोतिया पाठीवर दुपारची फुलं काढून पीच रंगाचे कार्नेशन आणि जरबेरा लागू दे. सजावटवाल्यांना आजच सांग की पाठ तीच ठेवून फक्त फुलांचे गुच्छ बदलायचे आहेत. दुपारी साडेतीन ते साडेपाच हे दोन तास त्यांना मोकळे द्यावे लागतील, आणि हे दर ठरवतानाच कागदावर हवं. ऐन वेळी सांगितलं तर त्याला दुसरी सजावट म्हणतात आणि पैसेही तसेच लागतात.

आणखी एक सुचवते. पीचला आपल्याकडे जुना चुलतभाऊ आहे, अबोली. पिवळ्या साडीवर, हिरव्या चुड्यासोबत अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळलास तर तुझा आवडता रंग मुहूर्तालाही तुझ्याजवळ असेल आणि कुणालाही तो वेगळा काढून दाखवावा लागणार नाही. पीच कापड जिथे मळकं दिसतं तिथे अबोली का चालते? ती जागेनं लहान असते, तिच्यात केशरी जास्त असतो आणि मागे काळेभोर केस असतात. अबोली जवळजवळ वर्षभर फुलते, पण घाटमाथ्यावरच्या बाजारात रोज मिळेलच असं नाही. फुलवाल्यांना आठ दिवस आधी सांगून ठेव.

गौरीहर, मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांत पिवळी कधीपर्यंत आणि शालू कधीपासून, हे घराघरांत वेगळं असतं. काही ठिकाणी मुहूर्त पिवळीवरच लागतो, काही ठिकाणी त्याआधीच साडी बदलतात. गुरुजींना आणि दोन्ही आयांना एकत्र बसवून हा क्रम आधी लिहून घे. तेव्हाच कळेल की अंतरपाट खाली येतानाच्या फोटोत, म्हणजे आयुष्यभर भिंतीवर राहणाऱ्या फोटोत, तू कोणत्या रंगात आहेस. नवरदेवाचं उपरणं आणि फेटा त्यावरून ठरतो. हे न विचारता लोक शालूला मॅचिंग शेला घेतात आणि मुहूर्ताला नवरी पिवळीत असते.

मॅचिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दोन कापडं अगदी एकसारखी हवी असतील तर ती एकाच ताग्यातून काप. दुसऱ्या दुकानातून "अगदी तस्साच" रंग आणायला गेलात की तो थोडासा हुकतो, आणि थोडासा हुकलेला रंग म्हणजे फोटोतली चूक. पूर्ण वेगळा रंग मात्र निवड वाटतो. त्यामुळे नवरदेवासाठी वाईन शोधत फिरू नकोस. त्याचा कुर्ता मोतिया, उपरणं शालूच्या काठाच्या हिरव्याहून दोन पायऱ्या गडद किंवा दोन पायऱ्या फिकं. फेटा तेवढा वाईन, आणि तो जमला तर शालूवाल्यांकडच्याच कापडातून.

रेशमाचं आणखी एक कठीण असतं. शालू किंवा पैठणी धूपछाव असेल, म्हणजे ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, तर तिला एक रंग नसतोच. निरी हातात धरून हळूहळू फिरव. घडीच्या कडेवर एक रंग चमकेल आणि खाचेत दुसरा दिसेल. दुकानातल्या ट्यूबखाली वांगी दिसणारी साडी दाराशी नेली की राणी दिसते. तुझा शालू वाईन वाटतोय, पण तो लाल आणि जांभळ्याचा की लाल आणि काळ्याचा, हे उन्हात उलगडून बघितल्याशिवाय कळणार नाही. ब्लाऊजचं कापड निवडायच्या आधी हे कर.

नमुना-पट्टीचं काम या आठवड्यातच कर, खर्च फार नाही. तुमच्याकडच्या मॅचिंग सेंटरमधे टू बाय टू रुबिया शेकडो छटांत मिळतं. मोतिया, पिस्ता, काठाचा हिरवा, वाईन आणि पीच अशा पाच छटा पाव-पाव मीटर घे. त्यांचे तळहाताएवढे तुकडे काप, जाड पुठ्ठ्यावर एकाखाली एक स्टेपल कर आणि प्रत्येकासमोर पेनानं लिही: कुठे आणि किती. असे सहा पुठ्ठे. सजावटवाले, फुलवाले, फेटेवाले, शिंपी आणि पत्रिका छापणारे यांना एकेक, सहावा आईकडे. मोबाईलवरचा फोटो पाठवून रंग सांगू नकोस. प्रत्येक पडद्यावर तो वेगळा दिसतो, आणि "पिस्ता" हा शब्द ऐकून एकाच्या डोळ्यांसमोर आईस्क्रीम येतं तर दुसऱ्याच्या पोपट. एवढं लक्षात ठेव की रुबिया सुती आणि मंद असतं. त्याच छटेचं साटीन किंवा रेशीम चमकेमुळे एक पायरी उजळ दिसतं.

बांगड्यांचंही तसंच. चुडा भरायला येणाऱ्या कासारांना आधीच भेट. काचेच्या हिरव्यात बाटलीहिरवा, पोपटी, मेंदी असे पुष्कळ प्रकार असतात, आणि आदल्या दिवशी त्यांच्या पेटीत जो असेल तो हातात चढतो. शालूचा काठ दाखवून तुझ्या मापाच्या बांगड्या बाजूला काढून ठेवायला सांग.

आता कार्यालय आणि तिथला उजेड. तुझ्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही, आणि खरं तर निम्मा रंग तिथे ठरतो. हॉलची फरशी, गालिचा, भिंती आणि ती सोनेरी-लाल मखमली सिंहासनं कोणाला विचारून रंग बदलत नाहीत. गालिचा मरून असेल तर तुझी वाईन त्यात मिसळून जाईल, मग बैठक वाईनऐवजी हिरवी कर. सिंहासनं लाल असतील तर ती काढून साध्या लाकडी खुर्च्या ठेवायला सांग, किंवा मोतिया कापडानं झाक.

उजेडाचं म्हणशील तर बहुतेक कार्यालयांत छताला ६००० ते ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं, ‘तापमानाचं’ माप) निळसर-पांढरे एलईडी असतात, आणि सजावटवाले स्टेजवर ३००० केल्विनचे पिवळसर दिवे आणतात. दोन्ही एकदम लागले की फोटोत तुझा अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो. पिस्ता कापडही एका कोपऱ्यात राखाडी आणि दुसऱ्यात लिंबोणी दिसतं. स्टेजच्या वरचे छतदिवे बंद ठेवून सगळे स्टेजदिवे एकाच तापमानाचे लावायला सांग, ३५०० ते ४००० च्या आसपास. स्वस्त एलईडीत गडद लालाचा अंश कमी असतो, त्यामुळे वाईन रंग विटकरी-तपकिरी दिसतो. दिव्यांचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, ९० च्या वर असावा, असं या शब्दांतच विचार. ज्यांना काम माहीत आहे त्यांना ते कळतं.

आणि रंगीत दिवे चेहऱ्यावर नकोत, यावर ठाम राहा. पिवळं कापड निळा प्रकाश गिळतं, म्हणून निळ्या दिव्याखाली अष्टपुत्री काळपट होते. हिरवं कापड लाल प्रकाश गिळतं, म्हणून लाल दिव्याखाली चुडा काळा दिसतो. जांभळ्या दिव्यात निळा आणि लाल दोन्ही असतात, मग पिवळी लाल होते आणि चुडा काळा. एवढ्या कष्टानं जमवलेले रंग एका बटणानं जातात. रंगीत झोत हवेच असतील तर ते मागच्या पडद्यावर तळातून वर सोडावेत, पाटापासून दूर.

फिक्या रंगांची कॅमेऱ्यापुढे वेगळी अडचण असते. फोटोग्राफर चेहऱ्याप्रमाणे उजेड धरतात. गव्हाळ-सावळा चेहरा नीट यावा म्हणून उजेड वाढवला की मागचं पिस्ता कापड पांढरं पडतं. म्हणून कापडाला पिस्ताची एक पायरी गडद छटा निवड. डोळ्यांना ती किंचित जास्त वाटेल, पण फोटोत पिस्ता येईल.

सजावटवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पिस्ता रंगाची फुलं असतात, हिरवट शेवंती आणि कार्नेशन मिळतात, पण ती महाग पडतात आणि गावात पोचेपर्यंत कोमेजण्याचा धोका असतो. मात्र यावर उपाय कृत्रिम फुलं नव्हेत. फिका हिरवा पानांतून आण. नारळाच्या कोवळ्या झावळीचा पिवळट-हिरवा, केळीच्या पोग्याचा पोपटी, कामिनीची बारीक पानं, सुपारीचे मोतिया तुरे. त्यात निशिगंध आणि पांढरी शेवंती. या मिश्रणाकडे चार हातांवरून बघितलं की पिस्ताच दिसतो, आणि ते कार्यालयाच्या दारातल्या केळीच्या खांबांशी जुळतं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे १४ तारखेचा आठवडा. त्या दिवसांत मावळातला गुलाब परदेशी आणि महानगरांत जातो आणि इथले भाव चढतात. म्हणून गुलाबावर काही बेतू नकोस. वाईन छटेसाठी अॅस्टर, शेवंती आणि कार्नेशन पुरेसे आहेत. मोगऱ्याचा भर मार्चनंतर येतो. फेब्रुवारीत तो मिळाला तरी थोडा आणि महाग. गजऱ्यांना कुंद बघ, तो थंडीतलाच. रंगात बुडवलेली फुलं मात्र नको म्हण, मग ती निळी असोत की हिरवी. त्यांवर पाणी मारलं की रंग ठिबकतो आणि नेमका कुणाच्या तरी खांद्यावर पडतो. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, त्यामुळे "पिस्ता रंगाचं थर्माकोल करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबव.

आता माणसांकडे येऊ. काकूंचं दुखावणं मला पटतं. पैठणी बाई आयुष्यात मोजक्या वेळा नेसते, आणि पुतणीचं लग्न ही त्यातली मोठी वेळ. राणी, मोरपंखी, जांभळ्या, डाळिंबी पैठण्या मांडवात फिरल्या तर गोंधळ दिसेल, ही तुझी भीती. पण नीट बघ: सगळ्या गडद, सगळ्यांना जरीचे काठ, सगळ्यांच्या पदरावर सोनं. सोनं त्यांना बांधून ठेवतं. शांत मोतिया-हिरव्या स्टेजसमोर हे गडद रंग फार सुंदर दिसतात. याउलट ३५० माणसांना पिस्ता नेसायला सांगितलं तर शंभर जण घालतील, त्यांत पन्नास छटा असतील आणि बाकीचे ओशाळतील. ज्यांना नवी साडी परवडत नाही त्यांचं तर बोलायलाच नको.

म्हणून तो निरोप आज बदल. असं काहीसं लिही: "मागच्या निरोपात रंग सांगितला होता, पण विचार बदलला. सगळ्यांनी आपल्या कपाटातली सगळ्यात आवडती काठाची साडी नेसून यावं. काकू, तुमची मोरपंखी हवीच. संध्याकाळी ज्यांना जमेल त्यांनी फिके रंग घातले तर मला आनंद होईल." काकूंना मात्र निरोपावर न ठेवता फोन कर.

रंग फक्त बारा-पंधरा जणांचे ठरव: दोन्हीकडचे आईबाबा, मामा-मामी, करवल्या, सख्खी भावंडं. हेच लोक प्रत्येक फोटोत असतात. करवल्यांना पिस्ता दे, त्या लहान असतात आणि हौशीही. दोन्ही आयांनी एकच रंग नेसायचा नाही, पण दोघींपैकी कुणीच वाईन नेसू नये एवढं दोघींना सांग. तुझ्या शालूच्या शेजारी दुसरा वाईन आला की दोन्ही फिके पडतात.

काळा आणि पांढरा यांचा प्रश्न कुणीतरी काढेलच. वडीलधाऱ्यांना लग्नात काळं नको असतं. मंगळसूत्राचे मणी काळे आणि पहिल्या संक्रांतीची साडीही काळी, हे खरं, तरी लग्नाच्या दिवशी त्यावर वाद घालून काही मिळत नाही. पांढऱ्याशुभ्र पाठीऐवजी मोतिया सुचवला तोही थोडा याचसाठी. आजीच्या पिढीला पांढरा टोचतो, मोतिया टोचत नाही, आणि फोटोतही मोतियाच मऊ येतो.

पुरुषांसाठी फेटे. मांडवात एका रंगानं दिसणारी गोष्ट कुठली, तर ही. चाळीस डोक्यांवर एक रंग आला की कपडे कसेही असोत, लग्न जुळलेलं दिसतं. पण हिशेब आधी कर. सरासरी सहा मीटर धरलं तरी चाळीस फेट्यांना २४० मीटर कापड लागतं. एवढं कापड हव्या छटेत रंगवून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात, आणि रंग घाण्याघाण्यात थोडा बदलतोच. त्यापेक्षा फेटेवाल्यांच्या साठ्यातला एक रंग सगळ्यांना घे. आपल्या पट्टीशी जुळणारा हिरवा मिळाला तर उत्तम, नाहीतर केशरी, तो हिरव्याशेजारी कधी वाईट दिसत नाही. घरच्या पाच-सहा जणांचे तेवढे वेगळे करून घे. कापड सुती किंवा मलमल असावं, साटीन सटकतं आणि वरातीत सैल होतं. एका फेट्याला दोन-तीन मिनिटं धर. एकट्या माणसाला चाळीस बांधायला दीड-दोन तास लागतील आणि मुहूर्त १२:०५ चा आहे. दोघांना बोलाव, साडेनऊपासून.

हळदीच्या दिवशी पिस्ता-पीचचा हट्ट पूर्ण सोड. हळदीचा डाग साबण किंवा सोडा लागला की लाल होतो, आणि फिक्या कापडावर तो घाबरवून सोडतो. लिंबू लावलं की तो परत पिवळा होतो, आणि धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवला की बराच उतरतो. तरी त्या दिवशी जुने, सुती, पिवळे कपडेच बरे. अक्षतांचंही बघ. ३५० जणांना चार-पाच किलो तांदूळ लागतात, आणि कुंकवानं ओल्या रंगवलेल्या अक्षता फिक्या कापडावर लाल ठिपके सोडतात. दोन दिवस आधी हलक्या हातानं रंगवून सावलीत खडखडीत वाळवून घ्या.

ज्यांचं लग्न नोंदणी पद्धतीनं किंवा घरच्या घरी आहे, त्यांनी यातली नमुना-पट्टी आणि उजेड एवढंच घेतलं तरी काम होतं. पाच माणसांत दोन रंग पुरतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत हॉटेलच्या हॉलमधे लग्न करणाऱ्या मराठी मुलामुलींनी आधी गालिच्याचा फोटो मागवावा. तिथले गालिचे बहुधा नक्षीदार आणि जोरकस असतात, आणि ते झाकता येत नाहीत. त्या नक्षीतला एखादा रंग आपल्या पट्टीत घेतला की भांडण मिटतं.

सासूबाईंशी बोलताना शालूच्या रंगावरून सुरुवात करू नकोस. त्यांना सांग, "तुमच्या शालूच्या काठावरून मी सगळ्या मांडवाचा हिरवा ठरवलाय, जरा पट्टी बघायला याल का?" हे खरंच आहे, नुसतं गोड बोलणं नाही. मग पीच रिसेप्शनचा विषय काढ आणि तेवढा मात्र पूर्ण तुझा ठेव. तिथे कुणी सुचवायला लागलं तर नम्रपणे, पण स्पष्ट नाही म्हण.

येत्या रविवारी शालू, चुड्यातली एक बांगडी आणि नमुना-पट्टी घेऊन आईबरोबर कार्यालयात जा. बारा वाजता पोच, कारण मुहूर्ताच्या वेळचं ऊन कुठल्या खिडकीतून आणि स्टेजवर कुठपर्यंत येतं ते तेव्हाच दिसेल. सूर्य रोज थोडा सरकतो, म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा बघून ये. शालू स्टेजवर उलगड, बांगडी त्यावर ठेव, शेजारी पट्टी धर. आधी सगळे दिवे लावून आणि मग वरचे बंद करून, एकाच जागेवरून दोन फोटो काढ. मोबाईल आपणहून रंग सुधारतो, म्हणून त्याच चौकटीत एक पांढरा कागदही ठेव. ज्या फोटोत कागद पांढरा दिसेल, तसा उजेड मागायचा.